धंदा विचारणारा वैद्य

वैद्यकावरील ग्रंथाची चर्चा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत करावी किंवा नाहीं, अशी शंका आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. औषधांची मात्रा, रोगांचीं लक्षणें आणि नाडीची गति हे विषय वैद्यांचे. रसिकानें त्यांत कां पडावें? परंतु ग्रंथाचा वर्ग जरी त्याच्या विषयावरून ठरत असला, तरी त्याची योग्यता त्यांत मनुष्य किती आणि कसा पाहिला आहे यावरून ठरत असते. या कसोटीला लावून पाहिलें असतां, इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामात्सिनी याचा ‘कारागिरांचे रोग’ हा लॅटिन ग्रंथ कोणत्याही सुविद्य कुटुंबाच्या कपाटांत शोभेल असा आहे, असें आमचें मत आहे. एका शास्त्राचा आद्यग्रंथ म्हणून त्याला दुरून नमस्कार करण्याची रीत आहे. आम्हांस ती पुरेशी वाटत नाहीं. तीनशें वर्षें उलटून गेल्यावरही हा ग्रंथ वाचनीय राहिला आहे. आणि त्यांत जी एक उणीव आहे, ती आपल्या समाजाला आजही भोंवत आहे. यास्तव गुण आणि दोष या दोहोंसह त्याचा परामर्श घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रामात्सिनीचा जन्म १६३३ सालीं उत्तर इटलींतील कार्पी या गांवीं झाला. पार्मा येथें वैद्यकाची पदवी घेऊन त्यानें कांहीं काळ रोमच्या बाजूच्या खेड्यांत वैद्यकी केली. पुढें मोदेना शहरांत त्याचा जम बसला. १६८२ मध्यें तो तेथील विद्यापीठांत अध्यापक झाला. आणि १७०० मध्यें पादुआच्या विख्यात विद्यापीठानें त्यास बोलावून नेलें. त्याच वर्षीं मोदेना येथें हा ग्रंथ छापून निघाला. त्या वेळीं ग्रंथकाराचें वय सदुसष्टाच्या घरांत होतें. ज्या वयांत बहुतेक पंडित जुन्या यशावर विसांवतात, त्या वयांत या गृहस्थानें लोहारांच्या भट्ट्या आणि चांभारांच्या कुंड्या धुंडाळून एक नवा विषय उभा केला. इतकेंच नव्हे, तर १७१३ मध्यें, मृत्यूच्या आदल्या वर्षीं, बारा प्रकरणांची पुरवणी जोडून दुसरी आवृत्ति काढली. १९४० मध्यें विल्मर केव्ह राइट या विदुषीनें मूळ लॅटिनसह त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, त्यामुळें इंग्रजी जाणणाऱ्यांस हा ग्रंथ आतां सुगम झाला आहे.

ग्रंथाची रचना साधी आहे. एका धंद्याला एक प्रकरण. खाणकामगारापासून आरंभ करून मुलामा देणारे, कुंभार, कांचकाम करणारे, रंगारी, लोहार, गंधी, तेली, चांभार, तमाखूचे कामगार, सुइणी, दाया, हलवाई, पिठाच्या गिरणींतील लोक, पाथरवट, धोबिणी, शेतकरी, कोळी आणि शिपाई अशी ही दिंडी चालते. प्रत्येक ठिकाणीं ग्रंथकार प्रथम काम कसें चालतें तें सांगतो, मग त्या कामानें शरीराला काय होतें तें वर्णितो, मग त्याचें कारण शोधतो आणि शेवटीं उपाय सुचवितो. मूळ कारणें दोन, असें त्याचें प्रतिपादन आहे : एक, कामांत हाताळल्या जाणाऱ्या द्रव्यांतून निघणारी विषारी धूळ व वाफ, दुसरें, शरीराला अस्वाभाविक अशी बैठक आणि बळेंच कराव्या लागणाऱ्या हालचाली. आज ज्याला धंदेविषयक आरोग्याचें शास्त्र म्हणतात, त्याचा सारा विस्तार या दोन खुंट्यांवरच टांगलेला आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु या ग्रंथाची खरी किल्ली त्याच्या प्रस्तावनेंत आहे. हिपॉक्रेटिसानें रोग्याला काय काय विचारावें हें वैद्यांस शिकविलें होतें. त्या प्रश्नांत आणखी एकाची भर घालण्याची परवानगी रामात्सिनी मागतो : रोग्याचा धंदा कोणता, हेंही विचारावें. एवढाच काय तो शोध! आपल्याकडे चरकसंहितेनें रोग्याची दशविध परीक्षा सांगितली आहे. प्रकृति, विकृति, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ति, व्यायामशक्ति आणि वय हीं तीं दहा स्थानें. यांतील सूक्ष्मतेबद्दल कोणासही आदर वाटावा. पण या दहांत धंद्याला स्वतंत्र स्थान नाहीं. म्हणजे ग्रीक काय आणि भारतीय काय, दोन्ही परंपरांनीं मनुष्याचें शरीर पाहिलें, त्याचें अन्न पाहिलें, ऋतु आणि देश पाहिला. दिवसाचे दहाबारा तास तें शरीर काय करीत असतें, हें मात्र पाहण्याचें राहून गेलें. याचें कारण उघड आहे. ज्यांच्या नाडीवर वैद्याचा हात पडे ते बहुधा काम करणारे नव्हते. ते काम करवून घेणारे होते.

रामात्सिनी त्याच प्रस्तावनेंत वैद्यांना आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती आम्हांस त्या प्रश्नाइतकीच महत्त्वाची वाटते. गरिबाच्या घरीं गेल्यावर उभ्या उभ्या नाडी पाहून निघूं नये; सोन्याची खुर्ची नसली तर लांकडी तिवईवर बसावें, आणि रोग्याचें म्हणणें सावकाशपणें ऐकून घ्यावें. शास्त्राच्या इतिहासांत या तिवईचें स्मारक कोणीं केलेलें नाहीं. पण प्रश्न विचारणें आणि उत्तर ऐकण्यासाठीं बसणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ज्याला समजलें तोच हा ग्रंथ लिहूं शकला.

या ऐकण्याचें सर्वोत्कृष्ट उदाहरण शौचकूप साफ करणाऱ्यांच्या प्रकरणांत सांपडतें. मोदेनांत घरें दाटीदाटीनें वसलेलीं, आणि घरोघरचे शौचकूप दर तीन वर्षांनीं उपसण्याची पद्धत होती. खुद्द रामात्सिनीच्या घरीं हें काम चाललें असतां, त्या खड्ड्यांत उतरलेला एक मनुष्य अत्यंत घाईनें राबत असलेला त्याला दिसला. इतका जीव तोडून काम करून थकण्यापेक्षां बेतानें कां करीत नाहींस, असें त्यानें कळवळून विचारलें. त्या मनुष्यानें खालूनच वर पाहून सांगितलें कीं, येथें चार तासांहून अधिक राहणें म्हणजे काय, हें ज्यानें अनुभवलें नाहीं त्याला कळणार नाहीं; तें आंधळें होण्यासारखेंच आहे. तो वर आल्यावर वैद्यानें त्याचे डोळे पाहिले. ते लाल आणि मंद झाले होते. यावर उपाय काय करतां, असें विचारतां, घरीं जाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत अंधाऱ्या खोलींत पडून राहावयाचें आणि कोमट पाण्यानें डोळे धुवावयाचे, एवढाच उपाय असल्याचें त्यानें सांगितलें. घसा जळतो काय, श्वास लागतो काय, डोकें दुखतें काय, अशी वैद्याची पृच्छा चालूच होती. त्यांतलें कांहीं होत नाहीं, त्रास काय तो डोळ्यांचा, असें म्हणून तो मनुष्य हातानें डोळे झांकून घरीं चालता झाला. पुढें रामात्सिनीनें शहरांत पाहिलें तों या धंद्यांतील कित्येक अर्धवट किंवा पूर्ण आंधळे होऊन भीक मागत असलेले त्याला आढळले. याच प्रसंगानें आपणांस हा ग्रंथ लिहिण्यास प्रवृत्त केलें, असें तो म्हणतो.

हा प्रसंग आम्हीं थोडा विस्तारानें दिला, कारण त्यांत ग्रंथकाराची सारी पद्धति सांठविलेली आहे. त्यानें प्रश्न कसे विचारले आहेत हें पाहावें. घसा, श्वास, डोकें यांची चौकशी करणें हें वैद्याच्या तर्काचें काम. पण रोग्याचें उत्तर तर्काच्या विरुद्ध गेलें तेव्हां त्यानें तें उत्तर खोडून काढलें नाहीं. जसेंच्या तसें नोंदून ठेवलें. डोळ्यांनाच इजा कां व्हावी, याचा उलगडा करतांना तो आम्ल कणांच्या ज्या कल्पना मांडतो त्या आज टिकणाऱ्या नाहींत. कुजणाऱ्या मैल्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायु निघतो, आणि थोड्या प्रमाणांत तो प्रथम डोळ्यांना झोंबतो, हें पुढील काळच्या रसायनशास्त्रानें दाखविलें. उपपत्ति चुकली, पण निरीक्षण जसेंच्या तसें खरें ठरलें. याचें श्रेय जितकें वैद्याच्या नजरेला, तितकेंच खड्ड्यांतील मनुष्याच्या शब्दाला आहे. शास्त्रग्रंथांत अशा माणसाची साक्ष पुराव्याच्या योग्यतेला चढविली जावी, ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती.

ग्रंथकाराच्या लेखनशैलीविषयींही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तो प्राचीन कवींचा आणि इतिहासकारांचा दाखला वारंवार देतो, आणि कधीं कधीं या पांडित्याचा भार होतो हें खरें. पण त्याची नजर एखाद्या दृश्यावर खिळली म्हणजे तें दृश्य वाचकाच्या डोळ्यांपुढून हालत नाहीं. व्हेनिसजवळील मुरानो बेटांत आरसे करणारे लोक पाऱ्यानें कांपरें भरून आपल्याच हातच्या आरशांत आपली दुर्दशा नाखुषीनें पाहत बसलेले त्यानें दाखविले आहेत. भांड्यांना शिशाची झिलई देणाऱ्या कुंभारांचे आधीं हात कांपूं लागतात, मग लुळे पडतात, दांत जातात आणि तोंडावर शिशाचीच कळा येते. पाथरवटांच्या प्रकरणांत तो एका शरीरशास्त्रज्ञाचा अनुभव सांगतो : दम्यानें मेलेल्या पाथरवटाचें फुफ्फुस कापतांना सुरी वाळूंतून जात असल्यासारखी वाटली. आणि पुरवणींतील कारकुनांचें प्रकरण तर आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं मुद्दाम वाचावें. सतत बसणें, हाताची एकच एक हालचाल, आणि चुकूं नये म्हणून मनावर असलेला ताण, हीं या धंद्याच्या रोगांचीं तीन कारणें तो देतो. त्याच्या माहितींतील एका लेखकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्यानें नेटानें डाव्या हातानें लिहिण्याची संवय केली. कांहीं काळानें डावाही त्याच वाटेनें गेला. लेखणी जाऊन टंकयंत्र आलें आणि टंकयंत्र जाऊन संगणक आला, तरी या तीन कारणांपैकीं एकही कमी झालेलें नाहीं.

या ग्रंथांतील आणखी एक प्रकरण असें आहे कीं, तें आपल्या देशांतील वाचकानें विशेष लक्ष देऊन वाचावें. इटलींतील यहुदी लोकांवर त्या काळीं अमुकच धंदे करण्याची सक्ति होती. जुने कपडे व गाद्या पिंजणें, सुईकाम करणें, हे त्यांतले मुख्य. या लोकांना जन्मतःच दुर्गंधि असते, असा सार्वत्रिक समज होता. रामात्सिनी तो साफ खोटा ठरवितो. दुर्गंधि आहे ती दारिद्र्याची आणि कोंदट घरांची. आणि त्यांच्या स्त्रियांची दृष्टि लौकर अधू होते ती अंधाऱ्या खोलींतल्या सुईकामानें. जें वंशाचें म्हणून समजलें जात होतें तें धंद्याचें आणि राहणीचें आहे, हें एका वैद्यानें सतराशे सालीं लिहून ठेवलें! आपल्याकडे धंदा हा निवडण्याचा विषय नव्हता. तो जन्माबरोबर येत असे. त्यामुळें धंद्यानें अंगावर आणलेल्या खुणा जातीच्या खात्यावर मांडल्या गेल्या, आणि त्या खुणांकडे बोट दाखवून पुनः तो धंदा त्या जातीलाच योग्य असल्याचें सिद्ध करण्यांत आलें. या चक्राला छेद देणारा प्रश्न वैद्यकाकडून येऊं शकत होता. तो शतकानुशतकें आला नाहीं, हें वैद्यकाचें दुर्दैव कीं समाजाचें, हें वाचकांनींच ठरवावें.

येथवर आम्हीं ग्रंथाचे गुण गायिले. आतां त्याच्या उणिवेकडे वळणें प्राप्त आहे.

रामात्सिनी रोग शोधतो कारखान्यांत, पण उपाय मात्र बहुधा कामगाराच्या अंगावर शोधतो. धूळ उडते, तर तोंडाला फडकें बांधावें. पाठ वांकते, तर अधूनमधून उभें राहावें. द्रव्य विषारी आहे, तर काम झाल्यावर अंग धुवावें. शौचकूप उपसणाऱ्यांना तो सांगतो कीं, चेहऱ्यावर पारदर्शक पिशवी बांधावी, खालीं थोडाच वेळ राहावें, आणि ज्यांचे डोळे मुळांतच कमजोर आहेत त्यांनीं हा धंदा सोडून दुसरा धरावा. सल्ला सदिच्छेचा आहे, यांत संशय नाहीं. परंतु ज्याला चार तासांत काम उरकून मजुरी घ्यावयाची आहे त्यानें थोडाच वेळ राहावें म्हणजे काय? आणि ज्याला दुसरा धंदा मिळण्यासारखा होता, तो या खड्ड्यांत मुळांत उतरला कशाला असता? मोदेनाच्या त्या मनुष्याला हा प्रश्न जितका लागू होता, त्याच्या शतपट तो आपल्याकडील सफाई करणाऱ्यास लागू आहे. कारण मोदेनांत गरिबीनें बांधलेलें होतें, येथें गरिबीबरोबर जन्मानेंही बांधून ठेवलें होतें. रोगाचें कारण ज्याच्या हातीं नाहीं त्याच्या हातीं उपाय देणें, हा या थोर ग्रंथाचा थोर दोष आहे.

हा दोष काळाचा आहे, ग्रंथकाराचा नव्हे, असें कोणी म्हणेल. आम्ही तें अंशतः मान्य करतों. कारखान्याच्या मालकाला जबाबदार धरणारा कायदा त्या युगांत नव्हता. पण हा दोष दाखवून देणारे लोक पुढें त्याच शास्त्रांतून निघाले, हें सांगणेंही न्यायाचें आहे. टॉमस लेग हा १८९८ मध्यें इंग्लंडांतील कारखान्यांचा पहिला वैद्यकीय निरीक्षक झाला. आयुष्यभराच्या अनुभवावरून त्यानें असा सिद्धांत बांधला कीं, मालकानें आपल्याकडून सर्व कांहीं केल्यावांचून कामगाराला स्वतःच्या रक्षणासाठीं जवळजवळ कांहींच करतां येत नाहीं. सफेद्याच्या शिशाविषयींचा आंतरराष्ट्रीय करार मान्य करण्यास त्याच्या सरकारनें नकार दिला, तेव्हां १९२६ मध्यें त्यानें जागेचा राजीनामा दिला. अमेरिकेंत ॲलिस हॅमिल्टन हिनें १९१० पासून शिशाच्या कारखान्यांची पाहणी केली. कामगार हात न धुतां जेवतात म्हणून त्यांना विषबाधा होते, असें मालक म्हणत; हवेंत उडणारी धूळ आणि वाफ श्वासावाटें आंत जाते, दोष हातांचा नसून हवेचा आहे, असें तिनें ठासून सांगितलें. लेग आणि हॅमिल्टन हे रामात्सिनीचे खरे वारस होत. कारण त्यांनीं त्याचा प्रश्न तसाच ठेवला आणि तो रोग्याबरोबर मालकालाही विचारला.

आणि रामात्सिनीला हें अगदींच दिसलें नव्हतें असेंही नाहीं. रसायनें करणाऱ्यांच्या प्रकरणांत त्यानें एका खटल्याची हकीकत दिली आहे. मोदेनाच्या राज्यांतील फिनाले या गांवीं एका व्यापाऱ्याचा रसकापूर करण्याचा मोठा कारखाना होता. भट्टींत हिराकस भाजतांना निघणाऱ्या धुरानें सारा शेजार विषारी होतो, सबब कारखाना गांवाबाहेर न्यावा, अशी फिर्याद एका रहिवाशानें केली. पुराव्यादाखल त्यानें गांवच्या वैद्याची साक्ष आणली, आणि चर्चमधील मृत्यूंची नोंदवहीही आणली. कारखान्याजवळच्या भागांत इतर भागांपेक्षां दरसाल पुष्कळ अधिक माणसें मरतात, असें तीवरून दिसत होतें. तीं क्षयानें आणि छातीच्या विकारांनीं मरतात, असें वैद्य सांगत होता. मालकातर्फेही विद्वान उभे राहिले, दोन्ही बाजूंनीं चतुराईचीं पत्रकें निघालीं, आणि अखेर निकाल मालकासारखा लागला. हिराकस निर्दोष सुटला. हा निकाल बरोबर होता कीं नाहीं, हें रामात्सिनी निसर्गशास्त्राच्या जाणत्यांवर सोंपवितो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

या ठिकाणीं थांबून विचार करावासा वाटतो. एका वस्तींतील मृत्यूंची दुसऱ्या वस्तींतील मृत्यूंशीं तुलना करून हवेच्या दोषाचें अनुमान बांधणें, ही आजच्या पर्यावरणविषयक आरोग्यशास्त्राची मुख्य रीत आहे. आणि ती सतराव्या शतकांतील एका गांवकऱ्यानें, नोंदवही काखेंत मारून, न्यायालयांत आणली होती. रामात्सिनीचा कल कोणीकडे आहे हें त्याच्या सांगण्याच्या ढंगावरून ओळखतां येतें. पण कल असणें निराळें आणि मत देणें निराळें. खड्ड्यांतील मनुष्याजवळ जो वैद्य इतका धीट होता, तो न्यायासनासमोर विनयी झाला. हा विनय आम्हांस त्याच्या कोणत्याही चुकीच्या उपपत्तीपेक्षां अधिक खटकतो.

फिनालेची ती नोंदवही मुंबईंतही उघडली गेली आहे. परळचें के. ई. एम. रुग्णालय गिरणगांवाच्या मधोमध आहे. तेथील डॉ. कामत आणि त्यांचे सहकारी यांनीं गिरण्या चालू असतांना कापसाच्या धुळीनें होणाऱ्या छातीच्या विकाराचा कामगारांत अभ्यास केला, तसाच शहरांतील निरनिराळ्या वस्त्यांची हवा आणि तेथील लोकांचें आरोग्य यांचाही तौलनिक अभ्यास केला. सुट्टीनंतर कामावर येण्याच्या पहिल्याच दिवशीं छाती आवळते, ही कापसाच्या विकाराची विशेष खूण होय. आणि ती कामगाराला विचारल्यावांचून कोणत्याही यंत्राला सांगतां येत नाहीं. जवस व भांग यांचे तंतु पिंजणाऱ्यांना धुळीनें सतत खोकला येऊन शेवटीं दमा जडतो, असें रामात्सिनीनें लिहिलें होतेंच. पुढें चेंबूरच्या बाजूस माहुल व आंबापाडा येथील रहिवाशांनीं तेलाच्या व रसायनांच्या सांठ्यांमुळें दूषित झालेल्या हवेविरुद्ध दाद मागितली. के. ई. एम. रुग्णालयानें त्या वस्तींत केलेली श्वसनविकारांची पाहणी पुराव्यांत आली, आणि येथील हवेपासून लोकांच्या आरोग्यास धोका आहे, असा निर्णय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ मध्यें दिला. फिनालेच्या फिर्यादीस जो निकाल मिळाला नाहीं, तो तीनशें वर्षांनीं माहुलच्या कोळ्यांस मिळाला. निकालानें हवा लगेच शुद्ध होत नाहीं हें खरें; पण नोंदवही खोटी ठरली नाहीं, हीही लहान गोष्ट नव्हे.

या ग्रंथांत एका धंद्याला मात्र प्रकरण नाहीं. सुइणी आहेत, दाया आहेत, धोबिणी आहेत. त्या काळाच्या मानानें स्त्रियांच्या कष्टांकडे रामात्सिनीनें पुष्कळच लक्ष दिलें आहे. पण ज्या कामाची मजुरी मिळत नाहीं तें काम त्याच्या यादींत आलें नाहीं. चुलीपुढें बसणारी गृहिणी त्याला कारागीर वाटली नाहीं. याबद्दल त्याला बोल लावण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, कारण आपणांस तरी ती कोठें तशी वाटते? दवाखान्यांत आपल्या आईचें किंवा पत्नीचें नांव लिहवितांना ‘व्यवसाय’ या रकान्यापुढें आपण काय सांगतों, हें प्रत्येकानें आठवून पाहावें. ‘कांहीं नाहीं, घरींच असते’, हें उत्तर किती सहज तोंडून निघतें! एकोणीसशें पन्नाशीच्या दशकांत दिल्लींत डॉ. पद्मावती आणि त्यांचे सहकारी यांना असें आढळलें कीं, फुफ्फुसाच्या जुनाट विकारानें हृदय निकामी होण्याचा रोग स्त्रियांमध्येंही पुरुषांच्या बरोबरीनें दिसतो, आणि तोही लहान वयांत. या स्त्रिया कारखान्यांत जात नव्हत्या. कारण घरांतच होतें : गोंवऱ्या आणि लांकडें यांचा धूर. पुढें १९८० नंतर कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनीं गुजराथच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच हवा मोजण्याचीं उपकरणें लावून तो धूर किती दाट असतो तें मोजून दाखविलें. ‘कांहीं नाहीं’ असें ज्या धंद्याचें नांव, तोच जगांतील सर्वांत मोठ्या विषारी धंद्यांपैकीं एक निघाला. रामात्सिनीचा प्रश्न विचारला नाहीं तर रोग कळत नाहीं, हें खरें. पण आपण त्याचें उत्तर खोटें दिलें तरीही रोग कळत नाहीं, हें या उदाहरणावरून दिसून येईल.

आपल्या कायद्यानें हा प्रश्न पूर्वीच ओळखला होता. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें शिसें, पारा, गारेची धूळ इत्यादिकांपासून होणाऱ्या रोगांची यादी जोडून, असा रोगी आढळल्यास तसें मुख्य कारखाना-निरीक्षकाला कळविण्याचें कर्तव्य डॉक्टरावर टाकलें होतें. धंदा विचारल्यावांचून हें कर्तव्य पार पाडणें अशक्य आहे. म्हणजे प्रस्तावनेंतला तो प्रश्न कायद्याच्या कलमांत येऊन बसला होता. पण तो कायदा कारखान्यापुरता. आणि जेथें रोग अधिक तेथें बहुधा कारखाना म्हणण्यासारखें कांहीं नसतें. मध्यप्रदेशांतील मंदसोर येथें पाटीवरच्या पेन्सिली लहान लहान छपरांखालीं विजेच्या करवतींनीं कापल्या जात. अहमदाबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनीं १९८० नंतर केलेल्या पाहणींत तपासलेल्या कामगारांपैकीं निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस, म्हणजे गारेच्या धुळीनें फुफ्फुस दगडासारखें होण्याचा असाध्य रोग, जडलेला आढळला. मुलांनीं ज्या पेन्सिलीनें श्रीगणेशा गिरविला, ती कोणाच्या छातींतून निघाली याची चौकशी आपल्यापैकीं कोणीं केली होती? रामात्सिनीनें वर्णिलेलें तें वाळूचें फुफ्फुस इतक्या जवळ आलें होतें.

आणि शौचकूपांतील तो मनुष्य? त्याच्यासाठीं आपल्याकडे १९९३ मध्यें एक कायदा झाला आणि २०१३ मध्यें दुसरा. गटारांत उतरून मेलेल्यांच्या कुटुंबांस दहा लक्ष रुपये द्यावेत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें सांगितलें. २०२३ मध्यें ती रक्कम तीस लक्ष केली. तरीही गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहींत. ज्या वायूनें मोदेनाच्या मनुष्याचे डोळे जात, तोच वायु बंद गटारांत दाट झाला म्हणजे प्रथम घ्राणशक्ति बधिर करतो आणि मग प्राण घेतो. उतरणाऱ्याला वास येईनासा झाला, कीं धोका टळला असें वाटतें. वस्तुतः तोच क्षण सर्वांत घातकी असतो. हें सारें पुस्तकांत लिहिलेलें आहे. उणीव ज्ञानाची नाहीं. उणीव तिवईची आहे. आपल्याच दारांतील झांकण उघडून कोणी खालीं उतरत असतां, त्याला थांबवून विचारणाऱ्याची आहे.

शास्त्रग्रंथ म्हणून ‘कारागिरांचे रोग’ जुना झाला आहे. त्यांतील औषधें कोणी घेणार नाहीं आणि उपपत्त्या कोणी शिकविणार नाहीं. वाङ्मय म्हणून तो जुना झालेला नाहीं, कारण ज्यांच्या श्रमावर नगरें उभीं असतात त्यांच्याकडे बसून पाहणारे ग्रंथ अद्यापि थोडेच आहेत. त्याचा दोषही आम्हीं झांकून ठेवला नाहीं : त्यानें रोग्याला विचारलें, मालकाला विचारलें नाहीं, आणि फिनालेच्या निकालापाशीं तो गप्प बसला. जे वाचक हा ग्रंथ वाचतील त्यांनीं त्याचा गुण घ्यावा आणि दोष सोडावा. पुढच्या वेळीं दवाखान्यांत घरच्या माणसाचा कागद भरतांना व्यवसायाचा रकाना नीट भरावा, आणि डॉक्टरांनीं तो विचारला नाहीं तर आपण होऊन सांगावा. इतकें झालें तरी रामात्सिनीचें वाचन सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.